चुंबकाला न चिकटणारे घर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, बाहेर पडताना चष्मा विसरत, छत्री विसरत, आणि एकदा तर पोटच्या पोराला न्हाव्याच्या दुकानात बसवून तसेच घरी आले होते. पण चुंबक मात्र ते कधीही विसरले नाहीत.

हे चुंबक कुठल्यातरी फुटक्या स्पीकरच्या पोटातून निघालेले. काळे, वाटोळे, मधोमध भोक, आणि भोकातून ओवलेली बुटाची नाडी. ते त्यांच्या पँटच्या उजव्या खिशात असे. शिंप्याला वेगळे सांगावे लागत नसे. तो त्यांच्या प्रत्येक पँटला उजवा खिसा तेवढा दुहेरी कापडाचा लावी. ताईच्या इमारतीतली लिफ्ट पत्र्याची आहे. भाऊजी तिच्यात शिरले की त्यांची उजवी बाजू आपोआप भिंतीला जाऊन लागे, आणि मग मजला येईपर्यंत ते तसेच कलून, फोटो काढून घेत असल्यासारखे उभे राहत. ओढून सोडवून घेण्यापेक्षा ते त्यांना सोपे वाटे. त्याच खिशात ठेवल्यामुळे त्यांचे बँकेचे कार्ड दर थोड्या दिवसांनी निकामी होई. बँकेतली मुलगी बिचारी नवे देई. बँक हलक्या प्रतीची कार्डे काढते, असे भाऊजींचे ठाम मत होते.

माणूस असा का झाला हे समजायला त्याची नोकरी सांगितली पाहिजे. भाऊजी मिसरूड फुटायच्या वयात एका भंगाराच्या गोदामात मालाची वर्गवारी करायला लागले आणि चढत चढत तिथलेच मुकादम झाले. तिथला सगळा कारभार एका कसोटीवर चाले. आलेल्या ढिगावरून चुंबक फिरवायचे. उडी मारून चिकटेल ते लोखंड. त्याची जागा अंगणात, उन्हापावसात. चिकटणार नाही ते आत. आतही पुन्हा पायऱ्या होत्या. अॅल्युमिनियम छपराखाली, स्टेनलेस स्टील खोलीत, पितळ कुलपात, आणि तांब्याच्या खोलीची किल्ली मालक गळ्यात घालून झोपत. थोडक्यात, चुंबकाने ज्याला ओढले त्याला गोदामात इज्जत नव्हती. हा नियम गोदामापुरता अगदी बरोबर होता. भाऊजींनी तो घरी आणला, घोटाळा एवढाच.

ताई शेजाऱ्यांना सांगताना ‘भंगार’ हा शब्द कटाक्षाने टाळी. ‘हे धातूंच्या व्यवसायात आहेत’ असे ती म्हणे, आणि ऐकणाऱ्याला वाटे की यांची कुठेतरी खाण असावी. घरात शिरल्यावर तर खात्रीच पटे. दाराची मूठ पितळेची, पाण्याचा पिंप तांब्याचा, कपडे वाळत घालायची तार अॅल्युमिनियमची. बादलीची कडीसुद्धा चुंबक लावून पारखलेली. लोखंडाची म्हणून एकच मोठी वस्तू घरात होती, ती म्हणजे आमच्या वडिलांनी ताईला दिलेले कपाट. भाऊजींनी त्याला लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवून टाकला होता, आणि भांडणात ते त्याला ‘तुमच्याकडचं कपाट’ म्हणत.

सगळ्यात हाल सुऱ्यांचे. चांगली धार धरणारे पाते चुंबकाला चिकटतेच. भाऊजींच्या लेखी म्हणूनच ते बाद. त्यांनी शोधून शोधून न चिकटणाऱ्या सुऱ्या आणल्या होत्या. दिसायला आरशासारख्या. त्यांनी टोमॅटो कापला जात नसे, चेपला जाई. ताई पाव हाताने तोडी, आणि पाहुण्यांपुढे सफरचंद ठेवायचे तर अख्खे ठेवी. लोकांना ती मोकळ्या हाताची वाटे.

माणसांनाही भाऊजी याच उतरंडीत बसवत. गोदामाचे मालक तांबे. आमचे वडील पितळ, कारण ‘घासलं तर चमकतात, नाहीतर काळे पडतात’. मला त्यांनी अॅल्युमिनियम ठरवले होते. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले की तू गंजत नाहीस, कुणाला जड होत नाहीस, रोजच्या कामाला उत्तम आहेस. फक्त तुला शोकेसमध्ये कोणी ठेवणार नाही. माझा उभा जन्म हिशेब खात्यात गेला. मला ते वर्णन फारसे चुकीचे वाटले नाही.

असे सगळे सुरळीत चालले असताना भाच्याचे लग्न झाले.

सून आली ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करणारी, बोलायला मोकळी आणि हाताने चपळ. तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, एका कापड गिरणीची खानावळ चालवत. शेकडो माणसांचे जेवण रांधून त्यांचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि आवाजही त्याच मापाचा होता. लेकीच्या संसाराला काय द्यावे याचा त्यांनी फार विचार केला नसावा. स्वतःच्या स्वयंपाकघरात जे सगळ्यात जास्त राबले होते तसलेच एक जाड बुडाचे मोठे पातेले त्यांनी नवे करकरीत आणले, आणि सोबत दोन सुऱ्या. पहिल्यांदा व्याह्यांकडे आल्या तेव्हा पातेले स्वतः काखेत मारून जिन्याने वर आल्या, कारण लिफ्टमध्ये आधीच भाऊजी कललेले होते.

भाऊजींनी पातेले हातात घेतले. जड आहे, असे मानेनेच कबूल केले. मग खिशातून चुंबक काढले आणि बुडाला लावले.

ठक.

तो आवाज मला अजून आठवतो. भाऊजींच्या चेहऱ्यावर डॉक्टर वाईट बातमी देताना आणतात तसला भाव आला. त्यांनी चुंबक ओढून काढले, पुन्हा लावले, पुन्हा ठक. विहीणबाई शांतपणे बघत होत्या.

“चिकटतंय,” भाऊजी म्हणाले.

“चिकटणारच,” विहीणबाई म्हणाल्या. “माझ्या लेकीचं आहे. जिथं ठेवाल तिथं टिकून राहील. तुमची न चिकटणारी भांडी राहतात का तशी?”

ताईने घाईघाईने चहा आणला. भाऊजींना टोमणा कळला नाही, किंवा त्यांनी कळू दिला नाही. ते एवढेच म्हणाले की असू दे, बाल्कनीत कामाला येईल. आणि खरेच, आठवड्याभरात ते पातेले बाल्कनीत गेले. त्यात कपड्यांचे चिमटे राहू लागले. सुऱ्या माळ्यावर गेल्या. पण मी पाहिले की कपडे वाळत घालायला ती बाल्कनीत गेली की चिमटे बाजूला काढून पातेले आतून पुसून ठेवते.

तिने समेटाचा प्रयत्न केला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. भाऊजींचा चष्मा जुना झाला होता. तिने दुकानातून त्यांच्यासाठी टायटॅनियमची चौकट आणली. भाऊजींनी चुंबक लावले. चिकटले नाही. वजन करून पाहिले तर पिसासारखी. तांब्यापेक्षा महाग आणि वजनाला काहीच नाही, असा धातू त्यांच्या उतरंडीत कुठेच बसत नव्हता. तरी ते हरखून गेले. गोदामात प्रत्येकाला चौकट हातात देऊन ‘काही धरल्यासारखं वाटतंय का?’ असे विचारत हिंडले. दुर्दैवाने ती नाकावर आहे हे त्यांनाही जाणवत नसे. मग चष्मा कुठे गेला म्हणून घर डोक्यावर घेत, आणि सून येऊन शांतपणे त्यांच्या नाकाकडे बोट दाखवी. पण चष्मा पास झाला म्हणून पातेले आत आले नाही.

उलट कसोटी वाढली. सुनेने आणलेली कात्री, जेवणाचा डबा, केसांचे चाप, दाराबाहेरची पायपुसणी ठेवायची जाळी, सगळ्याला ठक. पातळ भांड्यांत दूध रोज करपे आणि करपलेल्या दुधाचे खापर रोज तिच्यावर फुटे. एकदा तिची एक मैत्रीण आली होती. दोघी हॉलमध्ये बोलत बसल्या होत्या. सुनेच्या कानात नवी कर्णफुले होती. भाऊजी मागून आले आणि कौतुकाने, अगदी प्रेमाने, चुंबक तिच्या कानाजवळ नेले. एक कर्णफूल उचलले गेले आणि आडवे उभे राहिले. मैत्रीण खळखळून हसली. सून हसली नाही.

त्याच महिन्यात भाच्याने वेगळे घर बघायला सुरुवात केली.

ताईचा मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. ती रडत नसली की मला जास्त काळजी वाटते. पोरांनी घर पसंत केले होते. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. येत्या रविवारी संध्याकाळी दलालाच्या ऑफिसातून किल्ली घ्यायची होती. भाच्याशी बोलून झाले होते. तो मान खाली घालून ‘तिला इथं श्वास घेता येत नाही’ एवढेच म्हणाला होता. भाऊजींशी बोलून झाले होते. ते म्हणाले होते की मी तिला एका शब्दाने कधी बोललो नाही. हे खरे होते. त्यांनी सगळे चुंबकाकरवी सांगितले होते.

“एकदा किल्ली हातात आली की संपलं,” ताई म्हणाली. “किल्ली परत करायला कोणी जात नाही. तू रविवारी जेवायला ये. विहीणबाईंनाही बोलावलंय. चार माणसांत तरी कोणी तोडून बोलणार नाही.”

मी विचारले की मी येऊन काय करू. ती म्हणाली की काही करू नकोस, नुसता बस. अॅल्युमिनियमकडून लोकांची हीच अपेक्षा असते.

रविवारी मी वेळेवर पोचलो. जिन्यात पाय ठेवतानाच काहीतरी वेगळे वाटले. इमारतीत कुठेच स्वयंपाकाचा वास नव्हता. वर गेल्यावर कारण कळले. इमारतीतल्या गॅसच्या नळ्या लोखंडी होत्या आणि जुन्या झाल्या होत्या. त्या बदलायच्या ठरल्या तेव्हा रहिवाशांच्या बैठकीत भाऊजी उभे राहिले आणि त्यांनी तांब्याच्या नळ्यांचा असा कैवार घेतला की शेवटी लोक कंटाळून हो म्हणाले. आता ते काम सुरू झाले होते आणि गॅस बंद होता. दोन दिवस सगळी इमारत पाव-लोण्यावर होती आणि लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण भाऊजींकडे कसा बघायचा हे त्यांनी स्वतःच मला अभिमानाने सांगितले. कौतुकाने बघतात, असा त्यांचा समज होता.

पण जेवणाची त्यांनी सोय केली होती. ओट्यावर विजेची नवी इंडक्शन शेगडी विराजमान होती. वर काळी कुळकुळीत काच, कडेला चकचकीत स्टीलची पट्टी. आदल्या संध्याकाळी दुकानातल्या सगळ्या शेगड्यांना चुंबक लावून त्यांनी ही निवडली होती, कारण हिच्या पट्टीला चुंबक चिकटले नाही. दुकानदार सोबत एक पातेले फुकट देत होता. भाऊजींनी त्यालाही चुंबक लावले. ठक. त्यांनी ते जागच्या जागी परत केले. फुकट असले म्हणून काय झाले, असे त्यांनी दुकानदाराला सुनावले होते.

विहीणबाई आधीच येऊन स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसल्या होत्या. सून आणि भाचा आत त्यांच्या खोलीत होते. दार अर्धे उघडे होते आणि आत दोरी बांधलेली खोकी दिसत होती. ताईने बेत साधा ठेवला होता: भात, भाज्यांचे सूप, उकडलेले बटाटे. तांदूळ धुऊन तयार होता. तिने तो घरातल्या सगळ्यात चांगल्या स्टीलच्या पातेल्यात घातला, पातेले काचेवर ठेवले आणि भाऊजींनी बटण दाबले.

शेगडी पी-पी-पी करू लागली. काचेवर लाल अक्षर चमकले आणि विझले.

भाऊजींनी पातेले सरळ केले. पी-पी-पी. पुसून ठेवले. पी-पी-पी. मग त्यांनी ठरवले की एवढ्या उंची शेगडीला साधे स्टील पसंत नसणार, आणि शोकेसमधून तांब्याचे भांडे काढले. ताई म्हणाली की ते आजवर कधी विस्तवावर चढलेले नाही. आज चढेल, असे म्हणून भाऊजींनी त्यात तांदूळ ओतला. शेगडी तांब्यावरही तशीच केकाटली. मग पितळ आले. मग अॅल्युमिनियमचा टोप आला. तांदूळ या भांड्यातून त्या भांड्यात असा फिरला की निम्मा ओट्यावर सांडला. शेगडी कुणाचीच भीड ठेवीना. मी आयुष्यात पुष्कळ मुलाखती पाहिल्या, पण इतके मोठे उमेदवार इतक्या पटापट नाकारले गेलेले पाहिले नाहीत.

“मशीन खराब दिलंय,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी दुकानात फोन लावला. ऐकू यावे म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला, त्यामुळे पुढचे संभाषण आम्ही सगळ्यांनी ऐकले. दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्याने विचारले की भांडे कोणते ठेवलेत. भाऊजींनी एकामागून एक सगळी नावे सांगितली, तांब्यावर जरा जोर देऊन.

“ही नाही चालणार, काका,” तिकडून आवाज आला. “चुंबक चिकटतं तेच भांडं लागतं. बुडाला चुंबक लावून बघा. चिकटलं की ठेवा. आणि तुम्हीच ना काल आमचं पातेलं परत केलंत?”

भाऊजींनी फोन बंद केला. त्यांनी खिशात हात घातला, तो तसाच तिथे राहिला. त्या घरात, त्यांनी आयुष्यभर पारखून भरलेल्या त्या स्वयंपाकघरात, चुंबकाला चिकटेल असे एकही भांडे नव्हते. निदान त्यांनी तशी पुरेपूर काळजी घेतली होती.

विहीणबाई स्टुलावरून एक अक्षर बोलल्या नाहीत. हे त्यांना फार कठीण गेले असणार. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

ताई बाल्कनीत गेली आणि परत आली. तिच्या हातात कपड्यांच्या चिमट्यांची प्लास्टिकची पिशवी होती. पातेले जागेवर नव्हते. चिमटे पिशवीत काढून ठेवलेले होते आणि पातेले आत, दोरी बांधलेल्या खोक्यात गेले होते. नव्या घरी जायला.

ताईने भाच्याला हाक मारायला तोंड उघडले. पण भाऊजींनी हाताने तिला थांबवले आणि स्वतः त्या अर्ध्या उघड्या दारापाशी गेले. मी त्यांच्या मागे दोन पावलांवर होतो. आत भाचा खिडकीशी उभा होता आणि सून खोक्यावर बसली होती. तिने सगळे ऐकले होते हे उघड होते.

भाऊजी उंबऱ्यावरच थांबले. गोदामात लोकांना हुकूम सोडणारा माणूस. काही मागायची सवय नव्हती. आधी ते म्हणाले की गरम होतंय का इथं. मग म्हणाले की खोकं जड झालं असेल. शेवटी म्हणाले, “ते पातेलं… जरा मिळेल का?”

“ते बांधलंय, बाबा.”

“सोडता येईल ना?”

“येईल. पण ते चिकटतं.” ती उठली नाही. “घरात चालत नाही.”

भाच्याने घसा खाकरला. भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी नुसता उभा राहिलो, सांगितल्याप्रमाणे.

“म्हणूनच हवंय,” ते म्हणाले.

सून उठली. तिने दोरी सोडली. पातेले वरतीच होते, जुन्या टॉवेलात गुंडाळलेले, आणि पातेल्यात त्या दोन सुऱ्या. तिने ते भाऊजींच्या हातात दिले नाही. पालथे धरले, बूड त्यांच्यासमोर.

“लावा,” ती म्हणाली. “पारखल्याशिवाय घेऊ नका.”

भाऊजींनी चुंबक काढले. ठक.

“आता सांगा, कसं आहे?”

आयुष्यभर या आवाजानंतर त्या माणसाने एकच निकाल दिला होता. तो ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. तो त्यांनी गिळला.

“चांगलं आहे,” भाऊजी म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, “पहिल्या दिवसापासून चांगलंच होतं. मीच बाहेर ठेवलं.”

तिने पातेले त्यांना दिले. चुंबक तसेच बुडाला चिकटलेले, नाडी खाली लोंबत, अशी ती वरात स्वयंपाकघरात आली. विहीणबाईंनी नाडीकडे पाहिले आणि इतका वेळ दाबून धरलेले हसू त्यांना आवरेना. त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या, मग ताई, आणि मग कशाला हसायचे ते न कळून भाऊजीही.

पातेले काचेवर ठेवले. शेगडी एकदाच पी म्हणाली आणि गप्प झाली. पाणी सळसळू लागले.

आता अडचण अशी होती की पातेले एकच. आधी भात झाला. तो ताटात काढून झाकून ठेवला, पातेले घासले, मग सूप चढवले. सुपासाठी गाजरे चिरायची होती, तर सुनेने आपली सुरी काढली आणि गाजराच्या चकत्या अशा भराभर पडल्या की ताई हातातले काम सोडून बघत राहिली. मग तिने उगाचच एक टोमॅटो घेतला आणि स्वतः चिरून पाहिला. मग अजून एक. सुपात टोमॅटो फार झाले. सूप तांब्याच्या भांड्यात ओतले, पातेले पुन्हा घासले आणि बटाटे लावले. बटाट्यांपर्यंत भात गार झाला म्हणून तो पुन्हा गरम करायचे ठरले. एका पातेल्याभोवती सहा माणसे उभी होती. अशा वेळी माणसे बोलतातच. विहीणबाईंनी खानावळीतले किस्से सांगितले. भाऊजींनी विचारले की एवढ्या मोठ्या पातेल्यांचे पुढे काय करता. त्या म्हणाल्या की झिजली की भंगारात देतो, आणि तो भंगारवाला बुडाला चुंबक लावून नाक मुरडतो. कुठल्या गोदामाचा, असे भाऊजींनी विचारले आणि उत्तर ऐकून ते बटाटे किती झाले ते बघायला वळले.

जेवण संपता संपेना. संध्याकाळ झाली. चहासाठी पातेले पाचव्यांदा शेगडीवर चढले तेव्हा भाच्याचा फोन वाजला. दलाल होता. ऑफिस बंद करायची वेळ झाली, किल्ली घ्यायला येताय ना, असे विचारत होता. ताईच्या हातात कप होता, तो तिने खाली ठेवला नाही आणि वरही नेला नाही. भाच्याने फोन हाताने झाकला आणि बायकोकडे पाहिले.

ती चहा ढवळत होती. तिने मान वर केली नाही.

“सांग त्यांना,” ती म्हणाली, “पातेलं शेगडीवर आहे.”

दलालाला या उत्तराचा काय अर्थ लागला असेल ते तोच जाणे. पण किल्ली त्या दिवशी आली नाही, आणि पुढे ते घर दुसऱ्या कोणीतरी घेतले. खोकी मात्र काही दिवस तशीच बांधलेली होती. ती एक एक करून उघडत गेली, कधी टॉवेल हवा म्हणून, कधी इस्त्री हवी म्हणून. सुनेची अट एकच होती, की घरात चुंबक खिशात राहणार नाही. ओट्यावरच्या भिंतीत तिने एक खिळा ठोकून घेतला आणि चुंबक त्याला टांगले. तिच्या दोन्ही सुऱ्या त्याला चिकटून राहतात. भाऊजींना सुरुवातीला फार चुकल्यासारखे वाटले. उजवा खिसा रिकामा झाल्यामुळे ते काही दिवस डावीकडे कलून चालत, आणि लिफ्टमध्ये मधोमध कसे उभे राहायचे हे त्यांना नव्याने शिकावे लागले. बँकेचे कार्ड तेव्हापासून ठणठणीत आहे. बँक सुधारली, असे ते म्हणतात.

आता कोणाला वाटेल की भाऊजी बदलले. तसे नाही. गॅस परत आला तरी इंडक्शन शेगडी राहिली, आणि तिच्यासाठी भांडी घ्यायला ते सुनेची परवानगी काढून, चुंबक खिळ्यावरून उतरवून बाजारात गेले. दुकानदार दरवेळी न चिकटणारे भांडे मोठ्या अपेक्षेने पुढे करी, आणि भाऊजी ते तुच्छतेने मागे सारत. तांब्याची भांडी पुन्हा शोकेसमध्ये गेली आहेत आणि ‘दिसायला बरी आहेत’ एवढेच त्यांच्याबद्दल बोलले जाते. आमच्याकडच्या कपाटाचा लाकडी कागद त्यांनी स्वतः खरवडून काढला. ताईला हे नवे वेड जुन्यापेक्षा जास्त त्रासाचे वाटते, पण ती बोलत नाही, कारण आता तिचे टोमॅटो नीट चिरले जातात.

परवा सुनेचा वाढदिवस होता. भाऊजी मला सोबत घेऊन कर्णफुले आणायला गेले. मी त्यांना सोनाराच्या दुकानाकडे वळवले, तर ते पुढे निघून गेले आणि कोपऱ्यावरच्या साध्या दुकानात शिरले. तिथे त्यांनी चुंबक काढले आणि चिकटतील अशीच कर्णफुले दाखवा म्हणून हट्ट धरला. दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले की मी नजर दुसरीकडे वळवली. बाहेर आल्यावर मी म्हणालो की भाऊजी, एवढी इच्छा होती तर सोन्याची घ्यायची.

“सोन्याची तिनं कपाटात ठेवली असती,” ते म्हणाले. “ही रोज घालेल. आणि काढून ठेवायला जागाही आहे.”

जागा कोणती ते मला ताईकडे गेल्यावर दिसले. सून संध्याकाळी दुकानातून आली, हात धुतले, कर्णफुले काढली आणि भिंतीकडे नेली. दोन बारीक आवाज झाले. सुऱ्यांच्या शेजारी ती दोन कर्णफुले चुंबकाला चिकटून बसली, आणि तिने दुधाचे पातेले शेगडीवर चढवले.